वाडा एकाचा, बंधन दुसऱ्याचे

घराचे मोल त्याच्या चार भिंतींतच ठरते, हा समज पुरता खरा नाही. वाशिम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावी जुन्या वाड्यास गिऱ्हाईक लाभले नाही, तर त्याची किंमत दगड-लाकडापुरतीच उरावी, हे कोणासही समजते. परंतु पुण्यात, जेथे हातभर जागेसाठी झुंबड उडते तेथेही, कित्येक वाड्यांचे मोल खाली येते. त्याचे कारण वाड्यात नाही. ते वाड्याबाहेर आहे.

शनिवारवाडा हे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिने अशा स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई केली व त्यापुढील २०० मीटरांत परवानगी सक्तीची केली. मनाईच्या पट्ट्यात डागडुजी करता येते, वाडा पाडून नवी इमारत उभारता येत नाही. आता, जमिनीवर कायद्याने काय बांधता येईल, हे पाहूनच मूल्यमापक तिचा भाव ठरवतो. साहजिकच सीमारेषेच्या अलीकडील व पलीकडील सारख्याच वाड्यांना दोन भाव येतात.

भाडेकरू असलेल्या वाड्यास दुसरेही बंधन जडलेले आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षास ४ टक्के वाढ दिली खरी. पण मूळ रक्कमच तुटपुंजी, तेथे ही वाढ ती कितीशी? भाड्यात डागडुजी भागत नाही आणि नवे बांधता येत नाही. मग वारशाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या छायेतच पेशवाईच्या वळणाचे वाडे दर पावसाळ्यात खचत जावेत, यात नवल ते काय?

स्मारके राखलीच पाहिजेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु स्मारक साऱ्या राष्ट्राचे असेल, तर त्याचा भार शेजारच्या मोजक्या कुटुंबांनीच का वाहावा? मुंबईने १९९५ च्या वारसा नियमावलीत, वारसा इमारतीच्या मालकास वापरता न आलेला बांधकामहक्क अन्यत्र हस्तांतरित करण्याची सोय ठेवली. हिरावलेल्या मोलाची तीत कबुली तरी आहे. घर स्वतः वारसा-यादीत असो वा नसो, स्मारकामुळे अडलेल्या प्रत्येक मालकास हेच तत्त्व लागू व्हावे आणि त्याच्या घराची कर-आकारणीही घटलेल्या मोलावरच व्हावी. बंधन घालण्याचा अधिकार सरकारला आहे. त्याची किंमत चुकविण्याचे कर्तव्यही सरकारचेच आहे.