अंगणातील गुलखैरा

मागील अंकातील शेवंतीवरील लेख वाचून काही वाचक भगिनींनी एक प्रश्न विचारला आहे. अंगण म्हणावे एवढी जागा आता राहिलेली नाही. भिंतीलगत हातभर रुंदीची मातीची पट्टी तेवढी आहे. जागा कमी अडवील आणि तरीही रस्त्यावरून नजरेत भरेल, असे कोणते फूलझाड तेथे लावावे? माझे उत्तर आहे गुलखैरा. रोपवाटिकेत आणि बियांच्या पाकिटावर त्याचे नाव हॉलिहॉक असे असते. हे झाड पसरत नाही, उभे वाढते. पाच ते सात फुटांचा एक सरळ दांडा आणि त्यावर खालून वर क्रमाने उमलत जाणारी तळहाताएवढी फुले. एक फूल दोन दिवसांत मिटते. परंतु तोवर वरची कळी तयार असते, त्यामुळे महिना-सव्वा महिना दांडा रिकामा दिसत नाही.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जळगावला किंवा अकोल्याला कापसाची पेढी चालविली, त्यांना हे फूल परके वाटू नये. गुलखैरा कापसाच्याच कुळातील आहे. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि आपल्या खाडीकाठचा भेंड ही सारी त्याची भावंडे. पाच पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी ही या कुळाची खूण आहे. कापसाच्या शेतात उभे राहून ज्याने पिवळे फूल एकदा नीट पाहिले आहे, तो गुलखैरा लगेच ओळखील.

चीनमध्ये या फुलाची लागवड फार जुनी आहे. युरोपात ते रुजले आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याचे वेडच लागले. एसेक्स परगण्यातील सॅफ्रन वॉल्डन या गावी विल्यम चेटर यांनी दुहेरी पाकळ्यांचे अनेक प्रकार तयार केले. त्यांच्या नावाचे बियाणे आजही बाजारात मिळते. या गावाच्या नावातील सॅफ्रन म्हणजे केशर. तेथे पूर्वी केशराची शेती आणि व्यापार होता, हे आपल्या वाचकांना सांगताना मला विशेष आनंद होतो. पुढे १८७३ मध्ये तांबेरा रोग इंग्लंडमध्ये पोहोचला. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील चिली देशात. काही वर्षांतच तेथील बागांची पार वाताहत झाली. आजही गुलखैऱ्याचा पहिला शत्रू तांबेराच आहे. पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी पुटकुळ्या दिसू लागल्या की तो आला असे समजावे. खालची पाने वेळीच काढून टाकणे, पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी घालणे, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवणे, एवढे पाळले तर तो आटोक्यात राहतो.

आता पेरणीचा काळ. येथे आपल्या घरांत एक अडचण येते, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. थंड प्रदेशात हे झाड पहिल्या वर्षी पाने आणि दुसऱ्या वर्षी फुले देते. रायगड जिल्ह्यात मात्र पावसाची सरासरी ३००० मिलिमीटरच्या पुढे. त्या पाण्यात त्याचे मूळ कुजून जाते. म्हणून आपल्याकडे ते हिवाळी मोसमी फूल म्हणूनच लावावे लागते. पाऊस परतला की ऑक्टोबरच्या मध्यास बी पेरावे, म्हणजे फेब्रुवारीत फुले येतात. परंतु तेव्हा चातुर्मास चालू असतो. आमच्या घरी सौभाग्यवतींचा नियम आहे की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जमिनीला कुदळ लावायची नाही. सुरुवातीस मला ही गैरसोय वाटे. नोकरीतल्या सवयीने मी दरवर्षीच्या नोंदी वहीत ठेवतो, आणि त्या पाहता माझे मत बदलले आहे. पौर्णिमेनंतर पेरलेली रोपे फुटा-दीड फुटाने कमी वाढतात, फुलेही मार्चच्या उन्हात सापडतात. पण ऑक्टोबरची दमट हवा चुकल्यामुळे तांबेरा कमी लागतो. ज्यांना सात फुटांचा दांडाच हवा त्यांनी खुशाल आधी पेरावे. मी पाच फुटांवर समाधानी आहे.

बी अर्धा इंच खोल, थेट जागेवरच पेरावे. मूळ सरळ खोल जाते, त्यामुळे मोठे रोप उपटून दुसरीकडे लावले तर ते रुसते. कुंडीच हवी असेल तर ती निदान सव्वा फूट खोल असावी. पुढे बांबूचा आधार द्यावा. आणि भेंडीचा वाफा शेजारी नको. पांढरी माशी एकाचा रोग दुसऱ्याकडे नेते.

किडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मावा आणि तांबडे ढेकूण या झाडावर हटकून येतात. रोपवाटिकेतील माणूस सरळ औषधाची बाटली हातात देतो. आमच्याकडे ती बाटली आणायची नाही हे ठरलेले आहे. मावा लागलेले पान मी अलगद खुडून कुंपणापलीकडच्या झुडपात ठेवतो. तांबडे ढेकूण कागदावर झटकून खाडीच्या बाजूच्या भेंडाखाली सोडून येतो. तेच परत येतात की दुसरे येतात, हे मी तपासत बसत नाही. चार पाने जातात, एखादा दांडा वाकडा होतो; पण फुलांवर सकाळी मधमाश्या निर्धास्त बसतात.

या मधमाश्यांमुळेच एक पेच उभा राहिला. माझ्याकडील गुलखैरा विकतचा नाही. शेजारच्या वाड्यातील आजींनी तो आपल्या माहेराहून, पालीहून आणला होता. ही पाली आपल्या रायगडातील नव्हे, मारवाडातील. त्याचा रंग असा गडद लाल की सावलीत तो काळाच भासे. तीन वर्षांपूर्वी वाडा पुनर्विकासाला गेला. मातीवर यंत्र फिरण्याआधी आजींनी सुकलेल्या चकत्या माझ्या हाती दिल्या. गुलखैऱ्याचे फळ म्हणजे गोल चकती. तीत चपट्या बिया नाण्यांच्या थप्पीसारख्या वर्तुळात बसविलेल्या असतात. पहिल्या हिवाळ्यात त्या बियांची रोपे अगदी तशीच आली. पण गल्लीत गुलाबी आणि पांढरा गुलखैराही होता. मधमाश्यांनी पराग मिसळले, आणि दुसऱ्या वर्षीच्या नऊ रोपांपैकी चार गुलाबी निघाली. असेच चालू राहिले असते तर आजींचा रंग पाच-सहा वर्षांत दिसेनासा झाला असता.

उपाय सोपा आहे, चिकाटी मात्र हवी. गडद फुलाचे एकच उत्तम रोप निवडावे आणि त्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी मलमलीच्या पिशवीत बांधाव्यात. या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून वरच्या नुकत्याच उमललेल्या फुलाचा पराग मऊ कुंचल्याने त्याच रोपावरील खालच्या, एक दिवस जुन्या फुलाला लावावा, पिशवी पुन्हा बांधावी आणि देठाला दोरा गुंडाळून खूण करावी. चकती तपकिरी होऊन वाळली की बी काढून कागदी पाकिटात ठेवावे, त्यावर तारीख लिहावी. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पिशवीबाहेरची बाकी फुले मधमाश्यांची. त्यांचे बी मी वेगळे ठेवतो आणि मागेल त्याला देतो.

गेल्या मोसमात खुणेच्या चकत्यांतून साठ बिया मिळाल्या. त्यांतील निम्म्या आजींकडे पोहोचविल्या आहेत. आता त्या मुलाकडे खारघरला बाराव्या मजल्यावर राहतात. मुलाने जुन्या पिंपाचा अर्धा भाग कापून त्यात माती भरून दिली आहे. कार्तिकी पौर्णिमा झाली की त्या पेरणार आहेत. तेवढ्या उंचीवरच्या वाऱ्यात दांडा उभा राहतो का, ते फाल्गुनात कळेल.