एकोणनव्वदही बरोबर, नवासीही बरोबर!



मराठी घरातले मूल गणितात अडखळले की ‘कच्चे आहे’ असा शेरा मारून मोकळे व्हायचे, ही सवय आता मोडली पाहिजे. मूल कच्चे नसते. एकच रीत शिकवून बाकीच्या वाटा बंद करणारे शिक्षण कच्चे असते. मोबाईलच्या पडद्यावर तर हा दोष दुप्पट होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मध्य प्रदेश शासनाने ‘डिजिलेप’मधून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर धडे पाठवले. संकटकाळात काहीतरी केले, हे मान्य. पण पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे! सप्टेंबर २०२१ मध्ये प्राथमिक वर्ग उघडले, तरी पडदा घरातून गेला नाही. ४८ अधिक २७ किती? चौकटीत ७५ भरले की काम झाले. एक मूल ‘आठ नि सात पंधरा, हातचा एक’ असे करते. दुसरे २७ मधले दोन ४८ ला देऊन पन्नास करते आणि उरलेले पंचवीस मिळवते. तिसरे नुसते उत्तर उतरवून घेते. पडद्याला तिघेही सारखेच! कोणाला संख्या कळली, हे विचारणार कोण?

आमच्या मुलांकडे तर दोन भाषांची पुंजी आहे. ८९ ला आपण घरी एकोणनव्वद म्हणतो, म्हणजे नव्वदला एक कमी. शाळेतल्या हिंदीत तेच नवासी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. एकाच संख्येकडे पाहण्याच्या या दोन वाटा पांढुर्णा-सौंसरच्या मुलाला आयत्या मिळतात. लवचीक गणिती विचार म्हणतात तो दुसरा काय असतो? पण मूल ‘एकोणनव्वद’ म्हणाले आणि गुरुजींना मराठी येत नसेल, तर बरोबर उत्तरही चूक ठरते.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आले आणि केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर यांच्या समितीचा हेतू साधा होता: आपण आधी ‘एक’ बोलतो पण आधी २ लिहितो, हा गोंधळ लहान मुलांसाठी कमी करावा. एक ठेवा, दुसरे काढा, हा वादच आम्हाला पटत नाही. दोन्ही ठेवा, आणि मुलाला दोन्हींतला संबंध सांगू द्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्याच दिवसापासून राज्यघटनेत कलम ३५०-क आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आता कचेरी दारात आहे, तेव्हा मागणीही दारातच करू.

पहिली मागणी: पडद्यावरच्या प्रत्येक वर्गात उत्तरानंतर ‘कसे काढलेस?’ हा प्रश्न हवा. मुलाने आपली रीत बोलून किंवा वहीचा फोटो काढून पाठवावी, मराठीत सांगितली तरी चालावी, आणि निदान दोन वेगळ्या रीती सर्वांना दाखवाव्यात. दुसरी: जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत मराठी समजणारा एक तरी शिक्षक असावा.

आणि तिसरी मागणी आपल्याच घराकडे. आजी-आजोबांनो, तुमची पावकी, निमकी, दिडकी कुठे गेली? नुसती घोकून घेऊ नका. ‘पावणेदोनशे म्हणजे किती, आणि का?’ एवढे नातवंडांना विचारा. दोनशेला पंचवीस कमी, हे ज्याला आपले आपण उमगले, ते मूल कोणत्याही पडद्यापुढे अडणार नाही.

शासनाकडे हक्क मागू, पण घरातला हिशेब आजपासूनच सुरू करू!