गोळी सुरू करण्याआधी

शेतकरी आत्महत्या म्हटलं की अमरावती-अकोल्याची नावं येतात. मागे उरलेल्या बाईची झोप-भूक गेली, तर ‘टेन्शन घेते’ म्हणून विषय संपतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असं २०१७ साली प्रसिद्ध झालं.

मदतीला गेलेल्या काहींच्या हाती गोळी येते. बाईच्या दुःखाला आजार ठरवू नका, असं आपण म्हणत आलो. कर्ज आणि मारहाण गोळीने जात नाहीच. पण जिला अंथरुणातून उठवत नाही, तिला ‘लढ’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

फ्लुऑक्सेटीनसारख्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र आधी येते. हे न सांगितल्यास बाई आठव्या दिवशी पाकीट फेकणार! हा त्रास बहुधा ओसरतो. शरीरसंबंधाची इच्छा कमी होते ती मात्र टिकू शकते. त्याबद्दल कोण बोलतं? नवऱ्याच्या संशयाला तोंड तिनेच द्यायचं. पंचविशीच्या आतल्या मुलींत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरातलं फवारणीचं औषध कुलपात हवं. एस.टी.च्या भाड्याअभावी गोळी एकदम तुटली तर चक्कर, बेचैनी.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दुष्परिणामांची माहिती, तीही समजेल अशा भाषेत, मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. बचत गटातली एखादी मैत्रीण पहिल्या तपासणीला सोबत जाऊन हे सारं विचारू शकते.