पेशाची निवड : हक्क आणि जबाबदारी

१९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली व तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या पिढीने ही आठवण जपली आहे. परंतु वतन म्हणजे काय, हे आजच्या तरुणास समजावून सांगावे लागते. जन्माबरोबर अंगावर येणारे, दिवसरात्र राबविणारे आणि बदल्यात बलुत्याचे चार दाणे देणारे ते काम होते. ते जमते काय, आवडते काय, हे विचारण्याची सोयच नव्हती. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी असून माणसाच्या नैसर्गिक कलास तीत स्थान नाही, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक प्रबंधात दाखवून दिले.

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास आपला पेशा निवडण्याचा हक्क दिला व २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. कायद्यापुरता प्रश्न सुटला. व्यवहारात तो सुटला आहे काय?

आमच्या कळंब, भूम, परंडा भागांतील तरुणापुढे बहुधा दोनच वाटा दिसतात. एक, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जाणे. दुसरी, पुण्यास खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणे. सरकारी नोकरीस आमचा विरोध नाही. तिने आपल्या समाजाच्या कित्येक घरांत पहिला दिवा लावला आहे. पण जागा मूठभर आणि उमेदवार हजारोंनी, अशा स्थितीत केवळ शेजारचा मुलगा गेला म्हणून आपणही जावे, बापाने कर्ज काढावे आणि ऐन उमेदीची सहासात वर्षे संपावीत, याला निवड कसे म्हणावे? बापाचे वतन टाकून गर्दीचे वतन पत्करण्यासारखेच हे आहे.

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार होता, प्रतिष्ठा होती. तरीही १९२० साली त्यांनी ती जागा सोडून अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडन गाठले. आपले ध्येय ठाऊक असलेला मनुष्यच असा निर्णय करू शकतो.

म्हणून दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याने स्वतःस चार प्रश्न विचारावेत. कोणते काम मला इतरांपेक्षा बरे जमते? दमल्यावरही कोणते करावेसे वाटते? त्याच्या शिक्षणाचा काळ व खर्च घरास झेपेल काय? आणि भगवान बुद्धांनी सांगितलेल्या सम्यक आजीविकेच्या कसोटीस ते उतरते काय? उत्तरे घरात बसून मिळत नाहीत. सुट्टीत महिनाभर वायरमनजवळ, दवाखान्यात, मोजणीदाराबरोबर किंवा वकिलाच्या कार्यालयात काढावा. वकिलीचेच पाहा : पहिली काही वर्षे मिळकत जेमतेम, आणि वाचनाचा कंटाळा असणाऱ्यास काळा कोट तारू शकत नाही. हे आधी कळलेले बरे. परीक्षाच द्यावयाची तर किती वर्षे, हे आरंभीच ठरवावे आणि जोडीला पोट भरेल असे एखादे कसब आयटीआयमधून वा अन्यत्र शिकून ठेवावे.

पालकांसही आमचे सांगणे आहे. हेच प्रश्न मुलीसही विचारा, आणि तिचे उत्तर येण्यापूर्वी तिचे लग्न ठरवू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. शतकानुशतके ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्या मुलांना निदान त्यांच्या आईबापांनी तरी विचारलेच पाहिजे.