टाइल्स चकचकीत, पण आजी संडासला जाणार कशी?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि नेमके त्याच दिवसांत वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पाणी पिणे कमी करतात. विचारले तर म्हणतात, "तहानच नाही लागत वो बाई." खरे कारण वेगळे असते. पाणी प्यायले की उठावे लागते, उठले की संडासची फूटभर उंच पायरी चढावी लागते, आणि दुपारी हात द्यायला घरात कोणी नसते. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर आणि शेवटी सलाईन. दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा आम्हीही अशा बायांना सलाईन लावून "भरपूर पाणी प्या" असे सांगत घरी पाठवत होतो. घरचा संडास कसा आहे, हे एकीलाही विचारले नाही.

यातल्या काही जणी १४ ऑक्टोबर १९५६ ला आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर आल्या होत्या. आज त्यांची सत्तरी उलटली आहे. घर त्यांच्या मजुरीतून उभे राहिले. आधी कुडाचे, मग टिनाचे, मग विटांचे. संडास सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत आला. खाली टाकी, वर भांडे, म्हणून तो ओट्यावर चढला. रुंदी जेमतेम तीन फूट, दार आत उघडणारे.

या दारापासूनच सुरुवात करा. उत्तर नागपुरातल्या एका घरी आजी आत घसरून पडली. तिचे अंग दाराला अडकले, दार आत ढकलता येईना. मुलाने शेवटी सब्बल लावून ते उखडले. खुब्याचे हाड मोडले होते. त्याच घराला वर्षभर आधी समोरून टाइल्स आणि नवे गेट लागले होते. आम्ही हे बोलून दाखवतो तेव्हा लोकांना झोंबते, पण बोलावेच लागते. दार बाहेर उघडणारे करायला बिजागऱ्या फिरवाव्या लागतात, एवढेच. कडी अशी बसवा की वेळ आली तर बाहेरूनही उघडता येईल. बल्बचे बटण बाहेर हवे आणि रात्री दिवा सुरू हवा.

दुसरी गोष्ट धरायला आधार. टॉवेलची दांडी आधार नाही, ती अंगाच्या भाराने निघून येते. वेल्डिंगवाल्याकडून सव्वा इंच जाडीचा पाइप कापून घ्या. भिंत आणि पाइप यांत दीड इंच जागा ठेवा, म्हणजे मूठ नीट बसते. विटांच्या भिंतीत तो फास्टनरने पक्का करा. भिंत टिनाची असेल तर पाइप जमिनीत सिमेंटने गाडून उभा करा. उंची टेपने नाही, आजीला उभे करून तिच्या हाताने ठरवा. लकवा झालेला असेल तर चांगला हात ज्या बाजूला, आधार त्या बाजूला. हे मिस्त्रीला सांगावे लागते, नाहीतर तो आपल्या सोयीच्या भिंतीवर ठोकून मोकळा होतो. आणि वापरण्याआधी घरातल्या धडधाकट माणसाने त्याला लोंबकळून पाहावे.

उताराचा रॅम्प करा असे शहरातले सल्लागार सांगतात. हिशेब असा की एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. आपल्या बोळीत बारा फूट आणायचे कुठून? त्यापेक्षा फूटभर पायरीच्या सहा-सहा इंचाच्या दोन पायऱ्या करा, पाऊल पूर्ण मावेल एवढ्या रुंद, बाजूला पाइप.

उकिडवे बसणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कमोड खुर्ची घ्या. तिच्यातले भांडे काढले की ती देशी सीटवर उभी करता येते. चारही पायांना रबरी बुटे आहेत ना, आणि ते सपाट जागेवर टेकतात ना, हे पाहून घ्या. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तिथे तर हाच मार्ग. रात्री भांड्यासकट खाटेजवळ ठेवता येते. अनेक घरांत सून म्हणते, "लोक काय म्हणतील, घरात संडास ठेवला!" भांडे धुण्याचे काम मात्र तिच्याच वाट्याला येते, म्हणून तिचा राग आम्हाला समजतो. हे काम मुलानेही करावे. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले, ही गोष्ट विहारात सांगणाऱ्यांनी घरी भांडे उचलायला लाजू नये.

न्हाणीत बादली स्टुलावर ठेवा, वाकावे लागत नाही. फरशी दर आठवड्याला ब्रशने घासा, साबणाचा थर घसरवतो. हिवाळ्यात पाण्यात हात घालण्याआधी हीटरच्या रॉडचा प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून चालत नाही.

पैशाचे म्हणाल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवे. कमोड खुर्ची त्या यादीत आहे. चौकशी श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याण विभागाकडे करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांकही आहे. पण पैसे खात्यात आले की मोबाइलच्या रिचार्जला आणि किराण्याला जातात, हेही आम्ही पाहिले आहे. त्या आठवड्यातच खुर्ची आणा.

आणि एक आपल्याच दारचे. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या संडासाला तीन पायऱ्या आहेत, आधार एकही नाही. वर्षावासात दोन-दोन तास बसायला येणाऱ्या म्हाताऱ्या बाया घरूनच पाणी न पिता येतात. समितीच्या बैठकीत आम्ही विषय काढला, तर साउंड सिस्टीमचा खर्च आधी मंजूर झाला. मागच्या रविवारी पुन्हा काढला. या वेळी बायाच उठून बोलल्या. वेल्डिंगवाला माप घेऊन गेला आहे.