डावीकडून तिसरी

गेल्या दिवाळीत गावच्या घराची कपाटं रिकामी करताना माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत फोटो. मोजले तर २१४ भरले. काही अल्बममधून निखळलेले, काही पुठ्ठ्यावर चिकटवलेले, काहींना वाळवी लागलेली. मागच्या बाजूला काही लिहिलेले असे जेमतेम तीस, आणि त्यातल्या निम्म्यांवर फक्त स्टुडिओचा शिक्का!

भावंडांनी ठरवलं, सगळे स्कॅन करायचे आणि वाटून घ्यायचे. खाली नावं घालायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तू कॉम्प्युटरवाला".

आता २१४ फोटो एकेक करून उघडा, खाली नाव टाइप करा, सेव्ह करा... कोण करणार? मी आळशी माणूस. अशा आळशी लोकांसाठी इमेजमॅजिक नावाचा एक जुना आणि फुकट प्रोग्रॅम आहे. जॉन क्रिस्टी नावाच्या गृहस्थांनी ड्यूपाँट कंपनीत असताना १९८७ मध्ये तो लिहायला घेतला आणि १९९० मध्ये जगाला वाटून टाकला. बटणं दाबत बसायचं नाही. काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम लिहायचा: या फोटोच्या खाली ऐंशी पिक्सेल पांढरी पट्टी जोड, गुरुत्वाकर्षण दक्षिणेला धर (खरंच, 'ग्रॅव्हिटी साउथ' असंच लिहायचं असतं) आणि तिथे अमुक नाव लिही. क्रम मात्र महत्त्वाचा. आधी पट्टी, मग नाव. उलट केलंत तर नाव आजोबांच्या धोतरावर उमटतं.

पहिली अडचण आपल्या लिपीची. फॉन्ट देवनागरी दिला, तरी 'विहीर'मधली पहिली वेलांटी 'व'च्या आधी न पडता नंतर पडली आणि सगळ्या जोडाक्षरांचे पाय मोडले. युनिकोडमध्ये ही वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते. दाखवताना ती उचलून आधी नेणं हे अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीचं काम. माझ्या इमेजमॅजिकमध्ये ती जोडलेलीच नव्हती. शेवटी 'पँगो' नावाच्या दुसऱ्या वाटेने मजकूर पाठवला आणि मराठी मराठीसारखी दिसली. पूर्वी मराठी साइट उघडली की असेच चौकोन आणि मोडके पाय दिसायचे, त्याची आठवण झाली. असो.

वडिलांना विचारून नावांची यादी केली. एका फोटोला एक ओळ. ती यादी आणि फोटोंचं फोल्डर स्क्रिप्टच्या हवाली केलं, आणि चहा होईस्तोवर २१४ फोटोंखाली झकास पट्ट्या तयार! रात्री घरच्या ग्रुपवर टाकले. अंगठे, हृदयं, "किती छान काम केलंस रे". मी खूश.

चार दिवसांनी आत्याचा फोन. वय ८६. तिच्या नातवाने तिला फोटो मोठे करून दाखवले होते.

"अरे, त्या चौघींच्या फोटोत डावीकडून तिसरी मी म्हणून लिहिलंयस. ती मी नव्हे."

यादी तपासली आणि पोटात गोळा आला. ६१ नंबरच्या फोटोबद्दल वडिलांना काही सांगता आलं नव्हतं, म्हणून त्याची ओळ मी लिहिलीच नव्हती. तिथून पुढची सगळी नावं एकेक घर वर सरकली होती. दीडशेच्या वर फोटो चुकीच्या नावाने घरोघर पोचले होते! शेवटचा फोटो बिननावाचा राहिलेला मी पाहिलाही होता. म्हटलं, राहिलं असेल एखादं. स्वच्छ फॉन्टमध्ये, मधोमध, सारख्या अंतरावर लिहिलेलं होतं ना! कोण शंका घेणार? फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या नावावर आपण जरा तरी विचार करतो, अक्षर कुणाचं, केव्हा लिहिलं असेल. छापल्यासारखं दिसणारं नाव आपण मुकाट्याने मान्य करतो.

नशीब इतकंच, की मूळ स्कॅन शाबूत होते. याच प्रोग्रॅममध्ये 'मॉग्रिफाय' नावाचा हुकूम आहे, तो वेगळं काही सांगितलं नसेल तर मूळ फाइलवरच लिहितो. तो वापरला असता तर पुन्हा ट्रंकेपासून सुरुवात.

जाणकार म्हणतील, चित्राला हातच कशाला लावायचा? नाव फाइलच्या आत, मेटाडेटात ठेवा. बरोबर आहे, तेही ठेवावं. पण फोटो व्हॉट्सअॅपवरून एकदा फिरला की ती आतली माहिती गळून पडते आणि फाइलचं नावही बदलतं. प्रिंट काढली तर प्रश्नच मिटला. फोटोबरोबर शेवटपर्यंत टिकतं ते फोटोत दिसणारं नावच. म्हणून माझं मत असं: मूळ फोटो जसाच्या तसा जपा, प्रत काढा, आणि प्रतीच्या खाली लिहा. चेहऱ्यांवर नव्हे, खाली. आणि मुख्य म्हणजे सांगणारं माणूस आहे तोवर लिहा. प्रोग्रॅम पुढच्या वर्षीही मिळेल.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेलो. तिने पहिली हरकत घेतली ती स्वतःच्या नावाला. मी सौ. लावून सासरचं नाव लिहिलं होतं. "या फोटोत मी १४ वर्षांची आहे. हे नाव ताटातल्या तांदळात लिहिलं गेलं ते नंतर. तेव्हा ही बाई नव्हतीच." घरातल्या जवळजवळ सगळ्या बायकांचं मी असंच केलं होतं. पुरुषांना जन्मापासून एकच नाव, त्यामुळे तिथे चुकायला वावच नव्हता. आता बायकांची दोन्ही नावं लिहितो, आधी माहेरचं.

मग ६१ नंबर उघडला. मागच्या अंगणात चौघी उभ्या. तीन नावं तिने पटापट सांगितली. डावीकडून तिसरी?

"या काकू. आपल्याकडे स्वयंपाकाला होत्या. १२ वर्षं."

"नाव काय त्यांचं?"

आत्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "काकूच म्हणायचो रे. कधी विचारलंच नाही."

स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी प्रत्येक ओळीच्या आधी फोटोचा नंबर घातला आणि जिथे खात्री नाही तिथे 'बहुधा' लिहिलं. एकही ओळ रिकामी ठेवली नाही. ६१ खालची पट्टी जरा मोठी करावी लागली, कारण मजकूर दोन ओळींचा झाला. शेवटी असं लिहिलंय: डावीकडून तिसऱ्या काकू, या घरात १२ वर्षं स्वयंपाक केला, नाव आम्ही विचारलं नाही.