जनरेटर किती केव्हीएचा मागवलात?

शूटिंगच्या जागी कॅमेऱ्याच्या आधी जनरेटर पोचतो. पहाटे वाड्यामागच्या गल्लीत व्हॅन लागते, जाडजूड केबली सोडल्या जातात आणि घरघर सुरू होते, ती पॅकअपनंतरच थांबते. त्या बारा-चौदा तासांत कॅमेरा प्रत्यक्ष चालू असतो तो वेळ सगळा मिळून दोन-तीन तास भरला तरी खूप. बाकीचा वेळ लाइट लावणे, मेकअप, जेवण, कलाकाराची वाट पाहणे आणि आलेला सीन पुन्हा लिहिणे यात जातो. डिझेल मात्र या सगळ्यात सारखंच जळत राहतं.

हे आवाहन दोन प्रकारच्या लोकांना आहे. एक, जे शूटिंग करतात: मालिकेचे निर्माते, सिनेमावाले, वेबसिरीजवाले, अगदी कॉलेजातली शॉर्टफिल्म करणारी पोरंसुद्धा. दुसरे, ज्यांच्या वाड्यात, शेतात, गावात शूटिंग येतं. प्रेक्षकांना मी काही सांगणार नाही. रात्री आठची मालिका बघू नका असं सांगून आजवर कोणी ऐकलंय?

हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी एकत्र येऊन २०२१ मध्ये आपल्या चित्रपटांचा हिशेब जाहीर केला. त्यांच्या भल्यामोठ्या बजेटच्या एका चित्रपटामागे सरासरी ३,३७० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि छोट्या चित्रपटामागे ३९१ टन. त्यात सगळ्यांत मोठा वाटा इंधनाचा, म्हणजे गाड्या आणि जनरेटर यांचा निघाला. आपले बहुतेक मराठी चित्रपट त्यांच्या ‘छोट्या’हूनही छोटे, तेव्हा हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण आपल्याकडे मालिका आहेत. चित्रपट चाळीस दिवसांत उरकतो. मालिका महिन्याचे पंचवीस दिवस चालते आणि नशिबाने टीआरपी राहिला तर तीन-चार वर्षं चालते.

तेव्हा आपला हिशेब आपणच करू. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर डिझेलचं वजन एक किलोही नसतं, मग हे जादाचं वजन कुठून येतं? जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो, म्हणून. समजा, जनरेटर तासाला दहा लिटर पितो आणि बारा तास चालतो. दिवसाला १२० लिटर झाले. पंचवीस दिवसांचे तीन हजार लिटर, आणि महिन्याकाठी आठ टन धूर. यात गाड्या धरलेल्या नाहीत, कलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅनही नाहीत. लिटरला नव्वदीचा भाव धरला तर निव्वळ डिझेलचे पावणेतीन लाख रुपये होतात. पर्यावरणाचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी फक्त हा शेवटचा आकडा वाचावा.

आता खरी गोम. बहुतेक सेटवर जनरेटर मोजून मागवला जात नाही, भीतीने मागवला जातो. “कमी पडायला नको, १२५ चा सांगून ठेव.” म्हणजे १२५ केव्हीए, साधारण शंभर किलोवॅटचा जनरेटर. सेटवर मात्र चार-सहा एलईडी पॅनेल, एखादा एचएमआय (दिवसासारखा उजेड देणारा मोठा दिवा), मॉनिटर आणि चार्जर यांचाच लोड. डिझेल इंजिनाचा स्वभाव असा की भरपूर लोड असला तर ते लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज देतं, आणि अगदी कमी लोडवर दीड-दोन युनिटांवर येतं. नुसतं फिरत राहायलाही त्याला डिझेल लागतंच. शिवाय दिवसच्या दिवस कमी लोडवर चालवलं की डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, सायलेन्सरमधून काळपट तेलकट ओघळ येतात. जनरेटरवाल्याला हे चांगलं ठाऊक असतं. पण त्याला कोणी विचारत नाही, आणि मोठ्या जनरेटरचं भाडंही मोठं असतं.

यावर उपाय म्हणजे क्लॅम्प मीटर, कुठल्याही इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत सापडणारा. चिमट्यासारखा जबडा एकेका फेजच्या तारेभोवती अडकवायचा की किती अँपिअर जातात ते दिसतं. हे तीन दिवस करा. सकाळी लाइट लागल्यावर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि रात्रीच्या सगळ्यांत जड सीनच्या वेळी तिन्ही फेजचे आकडे वहीत लिहून ठेवा. त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर थोडी सवड ठेवून पुढच्या शेड्यूलचा जनरेटर सांगा. जिथे १२५ चा येतो तिथे ६२ चा पुरतो, असं अनेक सेटवर निघेल. डीओपीने, म्हणजे मुख्य छायाचित्रकाराने, एखाद्या रात्री मोठा एचएमआय मागितला, तर त्या रात्रीपुरता मोठा आणा. एका रात्रीसाठी महिनाभर हत्ती पोसायची गरज नाही.

दुसरा प्रश्न याहून साधा आहे: शेजारी विजेचा खांब असताना जनरेटर का? गणपती मंडळाला दहा दिवसांसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते, लग्नाच्या मांडवालाही मिळते. मालिका एका बंगल्यात दोन वर्षं तळ ठोकून असते, तरी तिची वीज डिझेलची. अर्ज, अनामत, टेस्ट रिपोर्ट यांत आठवडा जाईल, कबूल. पण दोन वर्षांपुढे तो आठवडा म्हणजे काय? तात्पुरत्या जोडणीचा दर घरगुती दरापेक्षा चढा असतो, तरी डिझेलच्या युनिटपेक्षा खूप खाली राहतो. डिझेलचं युनिट भाडं न धरताच अठ्ठावीस-तीस रुपयांना पडतं, आणि इंजिन रिकामं फिरत असेल तर पंचेचाळीसच्याही वर जातं.

इथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. चंद्रपूर, कोराडीच्या धुराड्यांतून जे निघतं, ते खांबावरच्या विजेच्या हिशेबात येतंच. नीट लोडवर चालणारा जनरेटर आणि खांबावरची वीज यांच्या कार्बनमध्ये त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक पडतो तो अर्धवट लोडवर दिवसभर फिरणाऱ्या जनरेटरशी, आणि सेटवरची वीज बहुतेक तशीच असते. दुसरं असं की खांबाची वीज जेवढी वापरली तेवढीच मोजली जाते, दिवे बंद केले की मीटर थांबतो. आणि धूर शेजारच्या म्हातारीच्या खिडकीत जात नाही.

दिव्यांबद्दल आता बरंच बदललंय. जुन्या टंगस्टनच्या ‘टू के’ला दोन हजार वॉट लागायचे आणि त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची. मग ती उष्णता घालवायला एसी, आणि एसीला पुन्हा जनरेटर. आज साडेचारशे वॉटचा एलईडी पॅनेल मऊ उजेडासाठी तेच काम करतो. असे पाच पॅनेल मिळून सव्वादोन किलोवॅट होतात, म्हणजे गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटच्या आवाक्यातले. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर मात्र तसंच जोडू नका. आधी वायरमनकडून अर्थिंग आणि वायरची जाडी तपासून घ्या. शंभर वर्षांच्या सागवानी माडीला आग लागायला एक सैल जोड पुरतो.

कॅमेरेही बदललेत. फिल्मच्या काळात सर्वांत ‘फास्ट’ रीळ सर्रास ५०० आयएसओचं असायचं. आजचे डिजिटल कॅमेरे ८०० पासून सुरू होतात आणि काही त्याच्या कितीतरी पुढे जाऊनही स्वच्छ चित्र देतात. उजेड कमी लागतो, पण लाइटची यादी अजून जुन्या सवयीनेच लिहिली जाते. डीओपींना हात जोडून एवढंच सांगणं आहे की यादी कोरी घेऊन रेकीला या.

दिवे बंद करण्यातही एक मेख आहे. टेक संपला तरी एचएमआय जळत ठेवतात. तो आळस नसतो. गरम एचएमआय बंद केला की लगेच पेटत नाही, पेटल्यावर पूर्ण उजेड यायला काही मिनिटं जातात आणि वारंवार चालू-बंद केल्याने बल्बचं आयुष्य घटतं. लाइटमन दादांना तेवढी समज असते. एलईडीला यातलं काहीच लागू नाही, बटण दाबलं की लागतो, दाबलं की विझतो. तरीही सवयीने एलईडी पॅनेलसुद्धा जेवणाच्या तासभर रिकाम्या सोफ्यावर उजेड पाडत बसतात. “लाइट ऑफ” हे ‘कट’इतकंच सहज पहिल्या असिस्टंटच्या तोंडी आलं पाहिजे. आणि वाचलेल्या डिझेलच्या पैशातला थोडा वाटा महिन्याअखेरीला लाइटमन दादांना द्या, मग आठवण करून द्यावी लागणार नाही.

फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो सूर्याच्या जिवावर. आपण त्या काळात जावं असं कोणी म्हणत नाही. पण भर दुपारी खिडकीला काळं कापड लावायचं आणि खोलीत दिवे लावून ‘दुपार’ उभी करायची, हे रोज चालतं. त्यामागे कारण आहे. सीन चार तास चालतो, ऊन सरकतं आणि कंटिन्यूटी जाते. मग खिडकीजवळचे, अंगणातले सीन सलग आणि ठरल्या वेळी घ्यावेत. सकाळच्या उन्हातले सकाळी, माजघरातले दुपारी. रिफ्लेक्टर आणि पांढरं कापड यांना डिझेल लागत नाही. याला एक चांगलं शेड्यूल लागतं, आणि शेड्यूलला लागतात हातात पानं.

इथे मालिकेच्या अपव्ययाचं मूळ सापडतं. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेले भाग, नसते. आजचा सीन आज सकाळी येतो, कधी दुपारी येतो. तोवर ऐंशी माणसं, तीन व्हॅनिटी आणि एक जनरेटर ताटकळतात. मग टेलिकास्ट गाठायला रात्र काढायची, नाहीतर दुसरं युनिट लावायचं, म्हणजे दुसरा जनरेटर. लेखकाला वेळेवर पैसे आणि चॅनेलची वेळेवर मंजुरी मिळाली, तर जेवढं डिझेल वाचेल तेवढं कुठल्याही महागड्या दिव्याने वाचणार नाही. चॅनेलवाल्यांनी हे ऐकावं. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०११ मध्ये कार्यक्रमांच्या कार्बनचा हिशेब काढायचं ‘अल्बर्ट’ नावाचं साधन सुरू केलं. पुढे ते बाफ्टाकडे गेलं, आणि तिथल्या मोठ्या वाहिन्या आपल्या कार्यक्रमांकडून तो हिशेब मागतात. आपल्या वाहिन्यांनी निदान बजेटच्या कागदावर डिझेलची ओळ वेगळी लिहायला लावावी. डिझेल जनरेटरच्या भाड्यातच धरलेलं असलं, तर तो बंद करण्यात निर्मात्याचा काहीच फायदा नसतो.

आता सेटवरच्या बारीकसारीक गोष्टी. व्हॅनिटी सावलीत लावा आणि आत कोणी नसताना एसी बंद ठेवा. दोन-तीन व्हॅनिटी शेजारी उभ्या असतील, तर प्रत्येकीच्या पोटातला छोटा जनरेटर वेगळा चालवण्यापेक्षा त्या एकाच लाइनवर घ्या. सकाळचे पहिले दोन तास मेकअपचे दिवे, चार्जर आणि मॉनिटर यांना घरची वीज किंवा बॅटरीवरचं पॉवर स्टेशन पुरतं. जनरेटर पहिला मोठा दिवा लागेल तेव्हा सुरू करा. पाण्याच्या बाटल्यांऐवजी जार आणि प्रत्येकाची नावाची बाटली ठेवा. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा त्याबद्दल सल्ला कसला द्यायचा. प्लायची फ्लॅट्स, म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, रंगवून पुन्हा वापरता येतात, ती सेट मोडल्यावर मागच्या बाजूला पेटवून देऊ नका. प्लायमधला डिंक जळताना जो धूर निघतो, तो घसा धरतो.

आता ज्यांची जागा आहे त्यांच्यासाठी. वाईच्या मेणवली घाटावर किती हिंदी सिनेमे झाले ते तिथलं पोरही सांगेल. कोल्हापूरजवळच्या वसगड्यातला वाडा मालिकेमुळे घराघरांत पोचला. जागा तुमची आहे, तेव्हा अटही तुम्ही घालू शकता, फक्त ती तोंडी नको, करारात लिहा. जनरेटर विहिरीपासून आणि घरातल्या आजारी माणसाच्या खोलीपासून लांब ठेवा, आणि त्याच्याखाली ट्रे हवाच, कारण सांडलेलं डिझेल आणि काळं ऑइल मातीत मुरलं की पावसाळ्यात थेट पाण्यात उतरतं. वीज तुमची घेतली, तर मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग दोघांच्या सहीने लिहा. अनामत रक्कम मोडलेला सेट आणि कचरा उचलून नेल्यावरच परत करा, आणि नेला तो कुठे टाकला तेही विचारा. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यात पावसाच्या सीनला सरसकट होकार देऊ नये. गावाला एक दिवसाआड पाणी येत असताना दहा हजार लिटरचे टँकर रात्रभर आकाशात उडवायचे कशाला? हा सीन पावसाळ्यातही घेता येतो.

आणि जनरेटर बंद व्हायची वेळ लिहा, समजा रात्री दहा. त्यानंतर चालला तर तासाला जादा आकार. हा आकडा तासाभराच्या डिझेलपेक्षा बराच मोठा ठेवा.